गोष्ट संपल्यानंतर

गोष्ट सांगून संपली कीं ऐकणारें मूल पहिला प्रश्न विचारतें तो 'पुढें काय झालें?' हाच असतो. राजपुत्राला राज्य मिळालें, राक्षस मेला, सर्व माणसें सुखानें नांदूं लागलीं, एवढें सांगूनहि त्याचें समाधान होत नाहीं. आपल्याकडील व्रतांच्या कहाण्यांनीं ह्या प्रश्नाचा बंदोबस्त मोठ्या युक्तीनें करून ठेविला आहे. कहाणी सुफळ संपूर्ण झाली असें एकदां जाहीर केलें, कीं हातांतल्या अक्षता वाहून उठावयाचें. पुढची विचारपूस करण्याची सोय नाहीं. परंतु वाङ्मयाच्या जगांत अशी समाप्ति सर्वांना मान्य होतेच असें नाहीं. लेखकानें शेवटचा पूर्णविराम दिला तरी वाचकाच्या मनांत गोष्ट चालूच राहते, आणि प्रकाशकाच्या मनांत तर ती पुष्कळदां अधिकच जोरानें चालूं लागते.

आज मी ज्या प्रश्नाचा विचार करणार आहें तो ह्यांतूनच निघतो. एखादी चित्रकथा पूर्ण झालेली आहे, जाणत्या वाचकांनीं ती नांवाजलेली आहे, आणि सांगावयाचें तें सांगून झालें असें तिच्या कर्त्याचें मत आहे. अशा कथेला पुढें उत्तरकथा आणि मागें पूर्वकथा जोडाव्या काय? आणि जोडावयाच्याच, तर त्या कोणीं जोडाव्या? चित्रकथा म्हणजे मुलांची करमणूक, तिची एवढी चिकित्सा कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु लेखकाला दिलेला शब्द, वाचकाला लाभलेला शेवट आणि पूर्ण झालेल्या कलाकृतीची मालकी, अशा तीन गोष्टी ह्या प्रश्नांत गुंतलेल्या आहेत, आणि त्या कोणत्याहि वाङ्मयाला लागू पडणाऱ्या आहेत.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सर्वच चित्रकथा संपण्यासाठीं लिहिलेल्या नसतात. अमेरिकेंत १९३८ सालीं सुपरमॅन आणि १९३९ सालीं बॅटमॅन जन्माला आले. त्यांना जन्म देणारे लेखक आणि चित्रकार केव्हांच निवर्तले. त्यांच्या मागून कित्येक पिढ्यांनीं तीं पात्रें चालविलीं, आणि तीं आजहि चालूं आहेत. गांवच्या पालखीचे भोई बदलतात म्हणून पालखी बदलली असें आपण म्हणत नाहीं. तसेंच हें आहे. फ्रान्समधील 'ॲस्टेरिक्स' ह्या विनोदी चित्रमालेचाहि हाच प्रकार. रेने गोसिनी ह्यांचें लेखन आणि आल्बेर युदेर्झो ह्यांचीं चित्रें असा तिचा आरंभ १९५९ सालीं झाला. १९७७ सालीं गोसिनी वारले. त्यानंतर युदेर्झो ह्यांनीं एकट्यानें ती माला चालविली, आणि पुढें आपल्या हयातींतच दुसऱ्यांच्या हातीं सोंपविली. २०१३ पासून नवे लेखक आणि नवे चित्रकार तीं पुस्तकें रचीत आहेत. गोसिनींची धार पुढें राहिली नाहीं अशी जाणत्यांची तक्रार आहे, आणि ती खोटी नाहीं. पण नव्या पुस्तकांनीं जुनीं बिघडविलीं असें कोणी म्हणत नाहीं. कारण तीं बहुतेक सारीं त्याच चिमुकल्या गॉल खेड्यांतील मेजवानीनें संपतात. दुसऱ्या दिवशीं त्या खेड्यांत नवी भानगड उपस्थित व्हावी, हें त्या रचनेंतच गृहीत धरलेलें आहे.

दुसरा वर्ग निराळा. तेथें शेवट हा कथेचा केवळ थांबा नसतो. तो तिच्या अर्थाचा भाग असतो. आपला प्रश्न ह्या वर्गासंबंधींचा आहे, आणि त्याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'वॉचमेन'. ही कथा अमेरिकेंतील डी. सी. कॉमिक्स ह्या प्रकाशन संस्थेनें १९८६ आणि १९८७ ह्या सालांत बारा अंकांतून प्रसिद्ध केली. लेखन ॲलन मूर ह्यांचें, चित्रें डेव्ह गिबन्स ह्यांचीं आणि रंगयोजना जॉन हिगिन्स ह्यांची, तिघेहि इंग्रज. १९८८ सालीं तिला वैज्ञानिक कल्पितकथांच्या क्षेत्रांतील ह्यूगो पारितोषिक मिळालें, आणि २००५ सालीं 'टाइम' साप्ताहिकानें १९२३ नंतरच्या शंभर उत्तम इंग्रजी कादंबऱ्यांची यादी केली तेव्हां तींत ह्या चित्रकथेचा समावेश केला.

कथेचें सूत्र थोडक्यांत सांगितल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाहीं. म्हणून ज्यांनीं ती वाचलेली नाहीं त्यांची क्षमा मागून तिचा शेवटहि सांगतों. मुखवटे घालून गुन्हेगारांशीं झुंजणारे वीर खरोखरीच जगांत असते तर जग कसें झालें असतें, असा मूर ह्यांनीं प्रश्न घातला, आणि त्याचें उत्तर त्या वीरांना मुळींच भूषणावह दिलें नाहीं. कथेंतील अमेरिकेंत १९८५ सालींहि निक्सन हेच अध्यक्ष आहेत. व्हिएतनामचें युद्ध अमेरिकेनें जिंकलेलें आहे. कारण एका प्रयोगशाळेंतील अपघातानें देवतुल्य सामर्थ्य लाभलेला डॉक्टर मॅनहॅटन नांवाचा पदार्थविज्ञानवेत्ता तिच्या बाजूला आहे. मुखवटेधारी मंडळींवर १९७७ सालीं कायद्यानें बंदी आलेली आहे. त्यांच्यांपैकीं एकाला, कॉमेडियन ह्या नांवानें वावरणाऱ्या इसमाला, कोणी तरी उंच इमारतीच्या खिडकींतून खालीं फेंकून देतो. रॉर्शाक नांवाचा एक हट्टी, विक्षिप्त, तडजोड न जाणणारा इसम बंदी झुगारून ह्या खुनाचा तपास सुरू करतो.

तपासाअंतीं कळतें तें भयंकर आहे. अमेरिका आणि रशिया ह्यांचें अणुयुद्ध टाळावें म्हणून ओझिमंडियस ह्या जुन्या सहकाऱ्यानेंच एक कारस्थान रचलेलें असतें. परग्रहावरून स्वारी आल्याचा देखावा निर्माण करून तो न्यू यॉर्क शहरांत लक्षावधि माणसें मारतो, आणि त्या भीतीनें दोन्ही राष्ट्रें खरोखरच हातमिळवणी करतात. आतां सत्य बोलावें तर युद्ध, गप्प बसावें तर ह्या हत्याकांडांत भागीदारी. इतर सर्व जण गप्प बसणें पत्करतात. रॉर्शाक पत्करीत नाहीं, म्हणून डॉक्टर मॅनहॅटन त्याला ठार करतो. परंतु रॉर्शाकनें आपली रोजनिशी आधींच एका वृत्तपत्राकडे टपालानें धाडलेली असते. शेवटच्या पानावर त्या कचेरींतील एक भोळसट साहाय्यक दिसतो. अंकांत रिकामी राहिलेली जागा भरण्यासाठीं काय घ्यावें तें त्यानेंच ठरवावें असें संपादक वैतागून सांगतो, आणि त्याचा हात त्या टपालाच्या गठ्ठ्याकडे वळतो. तेथें कथा संपते.

श्रोतेहो, तो हात १९८७ पासून तसाच अधांतरीं आहे. रोजनिशी त्याच्या हातीं लागेल काय? लागली तर शांतता टिकेल काय? आणि मुख्य म्हणजे, सत्य बाहेर यावें कीं येऊं नये? लेखकानें ह्यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर दिलेलें नाहीं. पण उत्तर सुचलें नाहीं म्हणून त्यानें कथा अर्ध्यावर सोडली, असें मुळींच नव्हे. बारा प्रकरणें सामर्थ्यवान माणसें सामान्यांच्या वतीनें निर्णय घेत आलीं. शेवटचा निर्णय त्यानें एका अगदीं सामान्य माणसाच्या हातीं, आणि त्याच्यामार्फत वाचकाच्या हातीं सोंपविला. ही कथा पूर्ण झालेली आहे ती ह्या अर्थानें. ह्या जागीं उत्तर आणून बसविणें म्हणजे वाचकाला दिलेला अधिकार काढून घेणें होय.

जी गोष्ट शेवटाची तीच पूर्वेतिहासाची. ह्या कथेची रचना घड्याळाच्या यंत्रासारखी आहे. बहुतेक पानांवर नऊ चौकटींची ठरीव मांडणी आहे. पांचवें प्रकरण तर असें रचलें आहे कीं, मध्यावर आरसा धरल्याप्रमाणें त्याचा पूर्वार्ध उत्तरार्धांत उलट क्रमानें प्रतिबिंबित व्हावा. अशा रचनेंत पात्रांचा भूतकाळ मोजूनमापून घातलेला आहे. पहिल्या तीन अंकांच्या शेवटीं एका निवृत्त वीराच्या आत्मचरित्रांतील प्रकरणें येतात. त्यांतून १९४० च्या सुमाराच्या जुन्या मंडळाची हकीकत कळते. डॉक्टर मॅनहॅटनचें पूर्वायुष्य चौथ्या प्रकरणांत येतें. तेथें तो मंगळावर बसून भूत, वर्तमान आणि भविष्य हीं एकाच वेळीं पाहत असतो. रॉर्शाकचें दुःखद बालपण सहाव्या प्रकरणांत तुरुंगांतील मानसवैद्यासमोर उलगडतें, आणि तें ऐकतां ऐकतां त्या वैद्याचीच मनःशांति ढळते. म्हणजे पूर्वकथा मूळ पुस्तकांतच आहे. जें सांगितलेलें नाहीं तें विसरून राहिलेलें नाहीं. तें मुद्दाम अंधारांत ठेविलेलें आहे.

आतां कराराची गोष्ट ऐका. मूर आणि गिबन्स ह्यांनीं प्रकाशकाशीं केलेल्या करारांत अशी अट होती कीं, प्रकाशकानें ठराविक मुदतींत ह्या कृतीचा उपयोग केला नाहीं, तर तिचे हक्क उभयतांकडे परत यावे. त्या काळीं अमेरिकेंत चित्रकथा महिन्याच्या महिन्याला विकल्या जात आणि पुढच्या महिन्याला विसरल्या जात. तेव्हां थोड्याच वर्षांत पुस्तक आपल्या मालकीचें होईल, ही त्यांची समजूत अगदीं स्वाभाविक होती. परंतु पुस्तक एवढें खपलें कीं तें बाजारांतून कधीं नाहींसें झालेंच नाहीं. कराराचें अक्षर पाळलें गेलें. त्याचा हेतु मात्र यशामुळेंच उलटा झाला. पुस्तक पडलें असतें तर कर्त्यांना मिळालें असतें. तें गाजलें म्हणून गेलें. ह्यांत कायद्याचा भंग कोणीं केला नाहीं. पण आपण दिलेल्या विश्वासाचा मोबदला आपल्याला मिळाला नाहीं असें मूर ह्यांना वाटलें, आणि ते त्या संस्थेपासून दूर झाले. २००९ सालीं ह्या कथेवर चित्रपट निघाला, तेव्हां त्यांनीं त्यावर आपलें नांव घालूं दिलें नाहीं आणि आपल्या वांट्याचा पैसाहि घेतला नाहीं. २०१० सालीं एका मुलाखतींत त्यांनीं सांगितलें कीं, पूर्वकथा आणि उत्तरकथा निघण्यास संमति दिल्यास हक्क परत देण्याची तयारी आपल्याला कळविण्यांत आली होती. आपण ती नाकारली.

संमति न मिळतांच २०१२ सालीं 'बिफोर वॉचमेन' ह्या नांवाखालीं पूर्वकथांच्या अनेक लहान मालिका निघाल्या. डॉक्टर मॅनहॅटन, रॉर्शाक, कॉमेडियन, ओझिमंडियस, प्रत्येकाच्या नांवाची एकेक. गिबन्स ह्यांनीं सौम्य शब्दांत कळविलें कीं, आम्हांला जी कथा सांगावयाची होती ती मूळ पुस्तकांत पूर्ण झालेली आहे. नव्या मंडळींना आपल्या शुभेच्छा आहेत. मूर ह्यांनीं सौम्यपणा दाखविला नाहीं. त्यांचें म्हणणें, मला पैसा नको आहे, हें घडूं नये एवढेंच हवें आहे, अशा आशयाचें होतें.

पूर्वकथांच्या बाजूनें जें बोललें जातें तें प्रामाणिकपणें ऐकून घेतलें पाहिजे. पहिला मुद्दा असा कीं, मूर ह्यांचीं पात्रें तरी सर्वस्वीं त्यांचीं कोठें होतीं? चार्लटन नांवाच्या संस्थेचीं जुनीं पात्रें डी. सी. कॉमिक्सनें विकत घेतलीं होतीं, आणि मूर ह्यांची पहिली योजना तींच पात्रें घेऊन रचलेली होती. ही गोष्ट खरी आहे. पण तिचा पुढचा भाग अधिक बोलका आहे. संस्थेचे त्या वेळचे व्यवस्थापक संपादक डिक जॉर्डानो ह्यांनीं ती योजना वाचली, आणि ह्या कथेंत तीं पात्रें मरतील किंवा पुन्हां उपयोगाचीं राहणार नाहींत, हें ओळखून मूर ह्यांना नवीं पात्रें निर्माण करावयास सांगितलें. म्हणजे ह्या कथेंत पात्रें संपून जातात, हें प्रकाशकाच्या घरीं आरंभापासून ठाऊक होतें. जीं पात्रें संपण्यासाठींच निर्माण झालीं त्यांना पंचवीस वर्षांनीं पुन्हां कामाला जुंपणें हें त्या पहिल्या शहाणपणाशीं विसंगत आहे.

दुसरा मुद्दा अधिक अडचणीचा. मूर ह्यांनीं स्वतः १९९९ पासून 'द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन' ही मालिका लिहिली. तींत व्हर्नचा कॅप्टन नीमो, हॅगार्डचा क्वाटरमेन, स्टोकरची मिना आणि वेल्सचा अदृश्य मनुष्य अशीं परक्यांचीं पात्रें त्यांनीं खुशाल एकत्र आणलीं. मग दुसऱ्यांनीं त्यांचीं पात्रें घेतलीं तर आकांत कां? हा आक्षेप पोकळ नाहीं. त्याला एवढेंच उत्तर देतां येईल कीं, ते मूळ लेखक फार पूर्वीं निवर्तलेले होते, आणि मूर ह्यांची मालिका 'ड्रॅक्युला'चें पहिलें प्रकरण म्हणून कोणीं बाजारांत आणली नव्हती. तींत ओळखीचीं माणसें अगदीं नव्या कामावर निघालेलीं असतात. 'बिफोर वॉचमेन' मात्र नांवापासूनच मूळ पुस्तकाच्या उंबरठ्यावर बसून आहे. वाचकानें आधीं आपल्याकडून आंत जावें, अशी तिची अपेक्षा आहे.

तिसरा मुद्दा असा कीं, १९८५ सालीं मूर ह्यांनींच, कथा लोकांना आवडली तर जुन्या मंडळाच्या हकीकतीची बारा अंकांची पूर्वकथा आपण आणि गिबन्स कदाचित् लिहूं, असें म्हटलें होतें. हेंहि खरें. परंतु लेखकाला एकदां सुचलेली आणि पुढें त्यानेंच टाकून दिलेली कल्पना ही त्याची संमति नव्हे. पुस्तक पुरें झाल्यावर त्याला त्या कल्पनेची गरज उरली नाहीं, आणि पुरें झालेलें पुस्तक पाहिलें म्हणजे ती कां उरली नाहीं हें आपल्यालाहि कळतें.

चौथा मुद्दा हा कीं, पूर्वकथा रचणारे कोणी ऐरेगैरे नव्हते. त्यांत डार्विन कुक होते, वयोवृद्ध जो क्यूबर्ट होते, आणि मूळ 'वॉचमेन'चे संपादक लेन वाइन हेहि होते. त्यांच्या हस्तकौशल्याविषयीं शंका नाहीं. डार्विन कुक ह्यांनीं जुन्या मंडळाच्या कथेसाठीं काढलेलीं चित्रें तर डोळे निववणारीं आहेत. पण कौशल्य हा येथें प्रश्नच नव्हता. पूर्वकथेपुढें एक जन्मजात अडचण असते. तिला कोठें पोंचावयाचें तें वाचकाला आधींच ठाऊक असतें. म्हणून तिनें एक तर माहीत असलेलेंच पुन्हां सांगावें, किंवा माहीत नसलेलें कांहीं घुसडून मूळ गोष्टीचा तोल बिघडवावा. कॉमेडियन हा मूळ पुस्तकांत आरंभींच मरतो, आणि मग चार-पांच जणांच्या आठवणींतून त्याचें चरित्र तुकड्यातुकड्यांनीं जमतें. त्या आठवणी परस्परांशीं धड जुळत नाहींत, आणि त्या न जुळण्यांतच तो माणूस उभा राहतो. त्याचें चरित्र सरळ ओळीनें सांगूं लागलें कीं माहिती वाढते आणि माणूस नाहींसा होतो.

राहिला शेवटचा आणि नेहमींचा मुद्दा: मूळ पुस्तक तर कपाटांत जसेंच्या तसें आहे, नवें आवडलें नाहीं तर वाचूं नका. कागदापुरतें हें बरोबर आहे. पण पुस्तक वाचकाच्या मनांतहि असतें, आणि तेथें तें इतकें सुरक्षित नसतें. रॉर्शाकच्या बालपणाभोंवतीं एकदां दुसऱ्याच्या दहा हकीकती ऐकल्या कीं, मानसवैद्यासमोर तो पहिल्यानें बोलूं लागतो त्या क्षणाचा आघात पूर्वीचा राहत नाहीं. जुन्या वाचकाला ह्याची फारशी झळ पोंचणार नाहीं. झळ पोंचेल ती उद्यांच्या वाचकाला. त्याच्या हातांत दुकानदार 'आधीं हें वाचा' म्हणून पूर्वकथाच ठेवील.

पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. २०१७ ते २०१९ ह्या काळांत 'डूम्सडे क्लॉक' ह्या बारा अंकांच्या मालिकेंत 'वॉचमेन'मधील पात्रें आणि सुपरमॅन ह्यांची गांठ घालून देण्यांत आली. संपण्यासाठीं रचलेलीं पात्रें न संपणाऱ्या जत्रेंत नेऊन सोडलीं, तेव्हां दोन्ही वर्गांतील भेदच पुसला गेला. पण २०१९ सालींच दूरचित्रवाणीवर डेमन लिंडेलॉफ ह्यांनीं रचलेली नऊ भागांची 'वॉचमेन' मालिका आली, आणि तिनें माझ्यासारख्या विरोधकालाहि विचार करावयास लाविलें. ती मूळ कथेनंतर चौतीस वर्षांनीं घडते. परंतु तिचा आरंभ होतो तो ओक्लाहोमा राज्यांतील टल्सा शहरांत १९२१ सालीं कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर झालेल्या खऱ्याखुऱ्या हत्याकांडापासून.

मूळ पुस्तकांत हूडेड जस्टिस नांवाचा पहिला मुखवटेधारी आहे. त्याच्या डोक्यावर बुरखा आणि गळ्यांत फांसाचा दोर असतो, आणि तो कोण हें निश्चितपणें कधींच कळत नाहीं. पूर्वकथाकारांनींहि ह्या कोड्याला हात घातला होता, परंतु त्यांना तें कोडें म्हणूनच दिसलें. लिंडेलॉफ ह्यांनीं निराळाच प्रश्न विचारला: अमेरिकेंत गळ्यांत फांस अडकवून हिंडण्याचें कारण कोणाला असूं शकेल? त्यांचें उत्तर असें कीं, तो एक कृष्णवर्णीय पोलीस शिपाई होता. गोऱ्या सहकाऱ्यांनींच त्याला फांशीं देण्याचा खेळ केला होता, आणि तोच दोर आणि तोच बुरखा घेऊन तो गुन्हेगारांवर चालून गेला. हें उत्तर मूळ पुस्तकांत नाहीं. पण बुरखा चढवून स्वतःच्या हातीं न्याय घेणाऱ्या माणसांविषयीं मूर ह्यांनीं जी शंका उपस्थित केली होती, ती ह्या उत्तरानें अमेरिकेच्या इतिहासांत आणखी खोल जाते. मूर ह्यांनीं ह्या मालिकेशींहि आपला संबंध नाकारला, हें मात्र विसरतां येत नाहीं.

ह्यावरून मला एक कसोटी सुचते. नव्या कर्त्याजवळ स्वतःचा प्रश्न आहे काय? ज्याच्याजवळ तो आहे तो जुन्या कथेचा आधार घेऊन नवी कथा सांगतो. ज्याच्याजवळ नाहीं तो जुन्या कथेचे कोनाडे भरीत बसतो. आपल्या परंपरेंत भवभूतीनें 'उत्तररामचरित' लिहिलें. रामायणाची पुढची हकीकत कळवावी ही त्याची गरज नव्हती. निरपराध सीतेचा त्याग करणाऱ्या रामाच्या अंतःकरणांत काय चाललें असेल, हा त्याचा स्वतःचा प्रश्न होता. आणि त्या प्रश्नासाठीं त्यानें उत्तरकांडाचा शेवटहि बदलला. उलट बाजूला एकनाथ महाराजांचें उदाहरण आहे. शके १५०६ मध्यें त्यांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि ह्या ग्रंथांत कोणीं आपली ओवी घुसडूं नये असा कडक इशारा देऊन ठेविला. एकनाथ हे स्वतः थोर कवि होते. त्यांना चार ओव्या सहज रचतां आल्या असत्या. त्यांनीं आपलें भागवत निराळें लिहिलें, आणि ज्ञानेश्वरीच्या हद्दींत पाऊल टाकलें नाहीं.

दुसरी कसोटी कर्त्याच्या शब्दाची. एर्जे हे 'टिंटिन'चे कर्ते. आपल्यामागें टिंटिनचीं नवीं साहसें कोणीं काढूं नयेत अशी त्यांची इच्छा होती. १९८३ सालीं ते वारले तेव्हां एक पुस्तक अपुरें होतें. तें दुसऱ्याच्या हातून पुरें करवून न घेतां १९८६ सालीं कच्च्या रेखाटनांसह तसेंच छापण्यांत आलें. टिंटिन ही खरें म्हणजे ॲस्टेरिक्ससारखी चालूं शकणारी माला. तरीहि तेथें शब्द पाळला गेला, आणि त्यामुळें एर्जे ह्यांची कीर्ति कमी झाली नाहीं. अमेरिकेंतहि चार्ल्स शुल्झ ह्यांची 'पीनट्स' ही चित्रमाला २००० सालीं त्यांच्याबरोबरच संपली. तिचीं जुनीं चित्रें वर्तमानपत्रांतून पुन्हां येतात, पण नवीं दैनिक चित्रें कोणी काढीत नाहीं. व्यवहार सांभाळूनहि शब्द पाळतां येतो, हें ह्या दोन उदाहरणांवरून दिसतें.

कर्ता स्वतःच पुढें लिहूं लागला तर कोणाची हरकत असण्याचें कारण नाहीं; मात्र तेथेंहि पहिली कसोटी सुटत नाहीं. 'डॉन किहोते'चा पहिला भाग १६०५ सालीं आला. १६१४ सालीं आव्हेयानेदा असें टोपणनांव घेऊन कोणी तरी त्याचा बनावट दुसरा भाग छापला. तेव्हां सर्व्हान्तेस ह्यांनीं १६१५ सालीं आपला खरा दुसरा भाग प्रसिद्ध केला, आणि त्याच्या शेवटीं नायकाला मृत्यु देऊन पुढची वाट बंद केली. तो दुसरा भाग पुष्कळांना पहिल्याहून श्रेष्ठ वाटतो. त्याचें कारण त्यांतहि नवा प्रश्न आहे: आपली हकीकत पुस्तकांत छापली गेली आहे हें कळलेल्या माणसानें जगावें कसें?

तेव्हां माझें मत थोडक्यांत असें. ज्या मालिका चालूं राहण्यासाठींच रचलेल्या आहेत, त्या चालूं द्याव्या. ज्या कथेचा शेवट हाच तिचा अर्थ आहे, तिला पूर्वकथा जोडूं नये आणि उत्तरकथाहि सहसा जोडूं नये. ज्याला ती जोडल्याशिवाय राहवत नाहीं त्याच्याजवळ स्वतःचा प्रश्न असावा, आणि कर्ता हयात असेल तर त्याची संमति असावी. लिंडेलॉफ ह्यांची मालिका पहिल्या कसोटीला उतरते, दुसऱ्या कसोटीला उतरत नाहीं. म्हणून तिचें कौतुक करतांना माझ्या मनाला थोडी टोंचणी लागते, आणि ती लागावी हेंच योग्य आहे. हक्क विकत घेणाऱ्याला कायदा 'तुला हें करतां येईल' एवढेंच सांगतो. 'तूं हें करावेंस' असें कायदा कधींच सांगत नाहीं. तें ठरविण्याचें काम प्रकाशकाच्या सदसद्विवेकावर आणि बऱ्याच अंशीं वाचकांच्या मागणीवर सोंपविलेलें असतें.

ज्यांना ही कथा नव्यानें वाचावयाची असेल त्यांना माझी एक सूचना आहे. मूळ बारा प्रकरणें आधीं वाचावीं, आणि शेवटचें पान मिटल्यावर लगेच दुसरें कांहीं हातीं घेऊं नये. त्या कचेरींतील साहाय्यकानें काय उचलावें असें आपल्याला वाटतें, तें चार दिवस स्वतःच ठरवून पाहावें. घरांत आणखी कोणी ती वाचली असेल तर त्याच्याशीं वाद घालावा. बहुधा दोघांचीं उत्तरें निराळीं येतील. त्यानंतर वाटल्यास दूरचित्रवाणीवरील मालिका पाहावी. पूर्वकथांकडे सर्वांत शेवटीं वळावें, आणि तोंपर्यंत त्यांची गरज भासेनाशी झाली असल्यास त्या वाचल्याच पाहिजेत असें नाहीं.